क्लेमेंट मास्तरांचा थवा

पापडीच्या क्लेमेंट मास्तरांनी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सात क्रोमिस मासे सोडले. "थव्यानं पोहतील," असं दुकानदार म्हणाला होता. आठवडा झाला तरी सात मासे सात दिशांना होते, आणि आज मेहुणा ऑस्टिन खास थवा बघायला आला होता.

"काय भावोजी, यांचं आपसात भांडण आहे का?"

मास्तरांनी चिडून दुकानदाराला फोन लावला.

"सर, ते घाबरले तरच एकत्र येतात. तुमच्या घरी त्यांना धाकच नाही."

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी हेलनबाई दार आपटून बाहेर आल्या. "रोजरीची वेळ झाली! परत हाक मारणार नाही!"

 

सातही मासे क्षणात एकत्र आले, पण ते बघायला टाकीपुढे कोणीच उरलं नव्हतं. मास्तर आणि ऑस्टिन प्रार्थनेला क्रुसापुढे एकमेकांना खेटून गुडघ्यांवर बसले होते.