ओली फरशी

“आई, पाय वर घ्या,” सून म्हणाली, आणि म्हातारीनं काही करायच्या आत तिनंच ते दोन्ही उचलून स्टुलावर ठेवले. खुर्चीखालून ओलं फडकं फिरवलं आणि पुढे सरकली. जणू म्हातारीही घरातलं एक सामानच.

थंडी सरली होती आणि घर धुवायला निघालं होतं. पडदे बादलीत भिजत होते, कपाटं भिंतीपासून ओढलेली होती. सोफा खिडकीला नेऊन टेकवला होता आणि त्यावर तीन वर्षांच्या नातीला बसवलं होतं. खिडकीची जाळी धुवायला काढली होती, त्यामुळे वर्षातल्या पहिल्या उबदार दिवसाची हवा सरळ आत येत होती. छान वाटत होतं, खोटं कशाला बोला.

“फरशी वाळेपर्यंत कुणी पाय खाली ठेवायचा नाही,” सुनेनं बजावलं. जाळी काखेत मारून ती बाथरूमकडे निघाली. “आणि आई, लक्ष असू द्या हिच्याकडे. तेवढं बसल्या जागी होईल ना?”

हिवाळ्यात पाय मोडल्यापासून म्हातारी सगळं बसल्या जागीच करत होती. दोघा भावांचं ठरलं होतं: पाय बरा होईपर्यंत आई थोरल्याकडे, मग धाकट्याकडे. धाकट्याचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नवरा-बायको सकाळी बाहेरून कुलूप लावून जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. इथं निदान नात होती. म्हणून पाय बरा झाला तरी म्हातारीनं तसं कळू दिलं नव्हतं. दुपारी मायलेकी झोपल्या की ती आधी भिंत धरून आणि मग भिंत सोडून चालायची, आणि चहाच्या वेळेला पुन्हा खुर्चीत कण्हत बसलेली असायची. लबाडीच ती. पण कुलपाआड दिवस मोजण्यापेक्षा कण्हणं बरं.

पोर सोफ्याच्या पाठीवर चढली. “आजी, चिऊ बघ!”

“उतर खाली, बाळ.”

बाळ कसली उतरते. तिनं एक गुडघा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला, मग दुसरा. तीन मजले खाली सिमेंटचा चौक होता.

“अगं ए! पोरीला बघ!” म्हातारी ओरडली. बाथरूममध्ये नळ धो-धो वाहत होता. चिमणी उडाली आणि पोरीनं तिच्यामागे दोन्ही हात लांबवले.

पुढचं म्हातारीला धड सांगता आलं नसतं. तिच्या मुठीत फ्रॉकचा घेर होता, पोर सोफ्यावर पडून खिदळत होती, आणि आपण उभ्या आहोत हे तिला मागाहून कळलं. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच नळ बंद झाला. म्हातारी गर्रकन वळली, खुर्ची गाठली, पाय स्टुलावर चढवले.

सून जाळी घेऊन आली ती दारातच थबकली. साबणाच्या ओल्या फरशीवर खुर्चीपासून सोफ्यापर्यंत आणि सोफ्यापासून खुर्चीपर्यंत पावलं उमटली होती. डावं पाऊल पुरतं, उजव्याचा नुसता चवडा.

“आजी पळाली!” पोरीनं आनंदानं सांगून टाकलं.

“खिडकीत चढली होती गं ती,” म्हातारी म्हणाली. “अर्धी बाहेर गेली होती. मी धरलं नसतं तर...”

सुनेनं खिडकीकडे पाहिलं. मग सोफ्याकडे पाहिलं. तो तिनंच तिथं ओढला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पोरीला उचलून छातीशी आवळलं, आणि म्हातारीला वाटलं, आता ही आपल्या गळ्यात पडून रडणार.

ती रडली नाही. पोरीला आतल्या खोलीत पलंगावर ठेवून आली. जाळी खिडकीत ठोकून बसवली, सोफा ढकलत जागेवर नेला. मग गॅलरीकडे तोंड करून तिनं हाक मारली, “अहो, जरा या इकडे. बघा आईंची नाटकं!”

थोरला गाद्या झोडपत होता, तो हातातल्या काठीसकट आला. सोफा ओढताना काही पावलं पुसली गेली होती, पण उरली तेवढी पुरेशी होती.

“आई, तुला चालता येतं?”

“अरे, पोर खिडकीतून पडत होती—”

“कुठल्या खिडकीतून?” सून म्हणाली. “जाळी आहे की तिला. स्वतःचं झाकायला लेकराला कशाला मधे आणता?”

थोरल्यानं खिडकीकडे पाहिलं. जाळीतून पाण्याचे थेंब कट्ट्यावर टपकत होते. ते त्याला दिसले, आणि त्यानं बायकोकडेही एकदा पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून त्यानं खिशातून फोन काढला.

“अगं, तू तरी सांग त्याला,” म्हातारी सुनेला म्हणाली. “चालता येतं मला, कबूल. पण खिडकीचं तेवढं सांग.”

सून गुडघ्यांवर बसून पावलं पुसायला लागली होती. तिनं मान वर केली नाही.

“आजी, परत पळ ना!” पोर आतून ओरडत होती. “परत पळ!”

“हां, ऐक,” थोरला फोनवर म्हणाला. “आई ठणठणीत झाली. उद्याच आणून सोडतो.” पलीकडून धाकट्यानं काहीतरी कुरकुर केली. थोरला हसला.

“जिन्यांचं काय एवढं? चढेल की. पळते ती.”