बिनकॅमेऱ्याचा फोन

“साधा दाखवा. बटणांचा. कॅमेरा नसलेला.”

पप्पूला वाटलं, वहिनी सासूसाठी बघताहेत. त्याने काचेखालून दोन डबे काढले आणि दुकानदाराच्या सवयीने तिसरा, जरा महागातला. “हा बघा. यात फोटो निघतात, रेडिओ आहे, टॉर्च आहे. काकूंना एकदम—”

“सासूसाठी न्हाई, माज्यासाठी. आन् फोटो निघत आसतील तर त्यो आत ठिवा.”

सविताने स्वतःचा फोन काउंटरवर ठेवला. चकचकीत, पाठीला तीन डोळे असलेला. दिवाळीला तिच्या नवऱ्याने, कैलासने, याच दुकानातून तो तिच्यासाठी घेतला, तेव्हा वलवण गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, नशीब काढलंस गं. नशीबच म्हणायचं! कैलास लोणावळा स्टेशनवर टॅक्सी लावून बसायचा आणि भाडं मिळेपर्यंत बायकोला व्हिडिओ कॉल करायचा. सविता चिक्कीच्या कारखान्यात हातातलं पॅकिंग टाकून तो उचलायची. “कुटं हायस? दाखव.” की ही फोन फिरवून दाखवायची. ही भिंत, ही खोकी, ह्या बायका, तो दरवाजा. नाहीच उचलला तर फोनमधल्या नकाशावर तिचा ठिपका होताच. ठिपका जरा इकडेतिकडे हलला की संध्याकाळी घरी उलटतपासणी.

आज सकाळी मात्र हद्द झाली. शेजारच्या भट्टीची धग असह्य होऊन तिच्यासोबत पॅकिंग करणाऱ्या म्हाताऱ्या चिमामावशी पदर खाली सोडून मान पुसत होत्या, आणि नेमका कॉल आला. सविताने सवयीने फोन फिरवला. म्हातारीने झटकन पदर ओढला आणि सगळ्यांदेखत सुनावलं, “सविते, नवरा तुज्यावर पहारा ठिवतो तर ठिवू दे. आमी काय त्येच्या लग्नाच्या बायका हाय व्हय? आमाला कशापायी दावतीस?”

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सविताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीचा तिला राग आला नाही, ती खरं तेच बोलली होती. राग आला तो स्वतःच्या हाताचा. त्याने दाखव म्हणायचं आणि ह्या मेल्या हाताने आपणहून फिरायचं, मला विचारायचंसुद्धा नाही! जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती तरातरा बाजारात आली.

“वहिनी, एवढा भारी फोन,” पप्पू म्हणाला. “बिघडलाय का काही?”

“फोन न्हाई बिगडला.”

“मग कैलासदादांना विचारलंय ना? नाहीतर उद्या ते मलाच—”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ह्यो इकलात तवा मला इचारलंत? त्यो ठिपका कुनी बसवून दिला ह्यात? तुमीच ना, पप्पूभाऊ? हितंच बसून? फोन माजा, आन् मलाच पत्ता न्हाई!”

पप्पूचे कान लाल झाले. “ते... दादा म्हणाले, तुमच्या सेफ्टीसाठी.”

“सेफ्टी! सिम काडा त्यातलं.”

त्याने मुकाट्याने सिम काढून साध्या फोनात घातलं. सविताने पैसे दिले आणि जुना फोन त्याच्याकडेच सरकवला. “ह्यो तुमच्या दादांना द्या. सोताचं तोंड बघत बसा म्हनावं.”

नवा फोन हातात हलका लागला. तिने उगीच दोनचार बटणं दाबून पाहिली. प्रत्येक बटण दाबलं की टक्कन वाजत होतं, आणि न दाबता काहीही होत नव्हतं. एवढंच तर हवं होतं.

तेवढ्यात तो वाजला. असा कर्कश, की कव्हर बघत उभी असलेली दोन माणसं दचकली. सविताने हिरवं बटण दाबून फोन कानाला लावला.

“कुटं हायस तू?” कैलास होता. “ठिपका कसा बंद पडला? व्हिडिओ लाव आदी.”

“ह्या फोनात व्हिडिओ न्हाई.”

“न्हाई म्हंजे? मग मला कसं कळनार तू कुटं हायस ते?”

“इचारा की. सांगते.”

बायकोला विचारायचं म्हणजे काय, हे त्याला बहुधा कळलंच नसावं. मग त्याने तोंड सोडलं. कुणाला भेटायचं असतं गं तुला, कोण आहे तो, आधी नाव सांग. मग तिची आई निघाली, बहिणी निघाल्या, माहेरची सगळी कुळी निघाली. साध्या फोनांचा आवाज मुळातच दणदणीत, त्यात कैलास ओरडत होता. शब्द न् शब्द दुकानभर ऐकू येत होता. कव्हर बघणारी माणसं कव्हर बघायची थांबली. पायरीवर छत्री दुरुस्त करणाऱ्याने मान वर केली. स्टेशनवर सगळ्यांना चहा पाजणारे हसतमुख कैलासदादा ते हेच का, असं पप्पूच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तो काउंटरवरून वाकला आणि हळूच म्हणाला, “वहिनी, हे बाजूचं बटण. दाबलं की आवाज कमी होतो.”

सविताने ते बटण नीट पाहून घेतलं. मग फोन कानापासून काढला आणि काउंटरच्या मधोमध ठेवला.

“कमी कशाला?” ती म्हणाली. “समद्यांना येतंय ना नीट ऐकू?”