मौन

"ओली बाळंतीण अशी गप्प होत नाही गं. एकदा फोन कर तिला," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"आई, मौन धरलंय तिनं. साधना मोडेल," मांडीवरच्या लेकीला थोपटत मंजिरी हसली होती.

ध्यानाच्या ऑनलाइन गटात श्रुतिका तिला सर्वांत जवळची. दोघींची बाळं एकाच महिन्यातली. "आता काही बोलावंसंच वाटत नाही," असं श्रुतिकानं लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी तिची प्रगती वाखाणली. मंजिरीनंही जोडलेले हात पाठवले.

आज श्रुतिकाच्या नवऱ्यानं गटातच कळवलं, तिनं जीव दिला. खाली पुन्हा तेच जोडलेले हात उमटले. मंजिरीनं पहिल्यांदाच तिचा नंबर लावला. पलीकडे नुसतं बाळ रडत होतं.

तुमच्या ओळखीत कुणी अशी शांत झाली असेल, तर आजच तिला फोन लावा.