कृ. मा. प.

अडतीस वर्षांच्या नोकरीत सरांना एकाही विद्यार्थ्याची भीती वाटली नव्हती. विद्यार्थ्यांना मात्र सरांची वाटे, आणि हाच शिक्षणाचा पाया आहे, असं ते निरोपसमारंभात माइकवरून बोलले होते. आज एका दिवसापुरते बदली शिक्षक म्हणून ते विशेष मुलांच्या वर्गात आले. सहा मुलं त्यांच्याकडे बघत बसली, तेव्हा सरांनी दाराची वरची कडी हळूच काढून ठेवली. असू दे आपली.

रजेवरच्या बाईंनी टेबलावर सूचनांचा कागद ठेवला होता. हेडफोनवाल्याचे हेडफोन काढू नयेत. खिडकीजवळच्या जुळ्यांना हात लावू नये. ‘पाहुणी’ पाठीवरचं दप्तर उतरवत नाही, आग्रह करू नये. तळाशी होतं, कृ. मा. प. भीतीने माणसाचं काय होतं बघा: जन्मभर पत्रांखाली हीच अक्षरं लिहिणाऱ्या सरांना ती बाईंची सही वाटली.

मदतनीस मावशी पाणी भरायला गेल्या. सरांनी घाईघाईने फळ्यावर एक बेरीज मांडली. कोणी चावलं नाही. उलट मुलं शांत बसून बघत होती. धीर येऊन सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, खडूचे हात झटकले आणि जुन्या सवयीने म्हणाले, “संपलं!”

सगळ्यांनी निमूटपणे वस्तू आवरायला घेतल्या. काय शिस्त, म्हणत सर कौतुकाने फळा पुसायला वळले.

परत वळले, तर पाच. सर गणिताचे. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाचच.

मावशी कळशी घेऊन दारात उभ्या होत्या.

“कडी कोणी काढली?”

“मी.”

“कुणासाठी?”

मावशींनी टेबलावरचा कागद उचलून उलटा केला. “अहो, कृपया मागे पाहा म्हटलंय ना बाईंनी!” मागे लाल शाईत तीनच ओळी होत्या. ‘संपलं’ म्हणजे घरी जाणं, हा शब्द सुट्टीआधी उच्चारू नये. पाहुणी तडक गाडीच्या जागी जाते. मागे धावू नये, हाक मारू नये, ती रस्त्यात पळते.

“मला या पाचांना सोडता येणार नाही,” मावशी म्हणाल्या. “जा तुम्ही. आणि सर, चालत.”

फाटक उघडं होतं. रस्त्याच्या कडेला, जिथे दुपारी एकला गाडी येते तिथे, पाहुणी फुटपाथच्या काठावर बसली होती. पाय खाली, रस्त्यावर. एक ट्रक तिच्या बुटांपासून हातभर अंतरावरून गेला. तिची वेणी हलली. ती हलली नाही.

सरांच्या घशात हाक आली. शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचणारी, खणखणीत. ती त्यांनी गिळली आणि चालू लागले. चाळीस पावलं असतील. दुसरा ट्रक गेला. सर चालत राहिले. तिसरा हॉर्न वाजवत आला, तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले, आणि चालत राहिले. उघडले, तर वेणी होती.

ते गुडघे कुरकुरवत तिच्याशेजारी टेकले.

“संपलं,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

“नाही गं बाळा. संपलं नव्हतं. माझं चुकलं.”

अडतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा बसकं निघालं. पाहुणीने त्यावर बराच विचार केला. तेवढ्यात एक बस गेली. मग तिने पाय वर घेतले, उठून उभी राहिली आणि हात पुढे केला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. इतका घट्ट, की त्यांना स्वतःलाच उठता येईना.

तिने हात सोडवून घेतला. तळवा निरखून पाहिला, फ्रॉकला पुसला आणि पुन्हा पुढे केला.

“ओला आहे,” ती म्हणाली. “तुमचा पण पुसा.”