मेंढीचं मलम

"मेंढीची चरबी लावून बाळाला पाजणार?" सासूबाईंनी माझ्या हातातली लॅनोलिनची ट्यूब घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पाजून पाजून माझ्या छातीला चिरा पडल्या होत्या. मलम डॉक्टरांनीच दिलं होतं. "अहो आई, लोकर धुताना हे सुटतं. मेंढी मारत नाहीत," मी पुन्हा समजावलं.

"आपल्या घरात चालत नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "आणि नैवेद्य रांधताना तुम्ही सोवळ्याची धाबळी नेसता, ती कशाची आहे? मेंढीच्या लोकरीचीच ना?"

त्या तडक आत गेल्या. मला वाटलं, पटलं.

बाहेर आल्या त्या रेशमी सोवळं नेसून.

रेशमासाठी किडे जिवंत उकळतात, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाळ भुकेनं रडायला लागलं.