सालीचा अर्क

“प्रेशरच्या गोळ्या बंद? कधीपासून?” स्वप्नालीचा आवाज चिरकला. एका हातात फोन होता, दुसऱ्यात पांढरा उंदीर.

“आखाजीपासून,” तिचे वडील सुपडूआबा तिकडून आरामात म्हणाले. “त्या गोळ्यास्घाई पाय सुजेत मन्हा. तू बाटली ठेवी गई ना, तेच रोज चार-चार चमचा पी ऱ्हायनू. पोरगीनं औषध शे घरमा, मंग दुसरं कसाले?”

आखाजीच्या सणाला स्वप्नाली गावी गेली, तेव्हा आबांनीच हट्टाने अर्काची बाटली ठेवून घेतली होती. गोळी चालूच ठेवा, वर फक्त चमचाभर अर्क घ्या, असं तिने परोपरीने बजावलं होतं. पण आबा ऐकतील तर शपथ!

“डोकं दुखस का, आबा?”

“जराखं जड शे. तुन्ही माय गोळी लिसन उभी शे. लेऊ का?”

“थांबा. मी लगेच फोन करस.”

अर्क अजून सिद्ध कुठे झाला होता? सातपुड्यातल्या एका झाडाची साल उकळून तिने तो काढला होता आणि त्याच्यावरच तिची पीएचडी होती. प्राणिघरात उंदरांचे दोन पिंजरे. मिठाचं पाणी पाजून पाजून दोन्हीकडचं प्रेशर वाढवलेलं. तेच पाणी दोघांना चालू ठेवायचं आणि अर्क एकाच पिंजऱ्याला द्यायचा. त्यांचं प्रेशर उतरलं तर औषध खरं, नाहीतर सगळंच पाण्यात. मधे यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून अर्क सुरू केल्यावरची पहिली मोजणी आज होती.

आणि तिकडे आबा निव्वळ त्या अर्काच्या भरवशावर बसले होते. अर्क खरा असेल तर इतक्या अर्कावर गोळी धोक्याची, खोटा असेल तर गोळी ताबडतोब हवी. मेलं ते संशोधन, बाप आधी, असं तिच्या मनात आलं.

“इतलं आवळू नको बाई, उंदीर चावी तुले,” भिकुबाई म्हणाल्या. लोणखेड्याच्या भिकुबाई प्राणिघरातलं दाणापाणी बघत. औषधाच्या पिंजऱ्याची तर त्या जरा जास्तच बडदास्त ठेवत.

बिनऔषधाचे उंदीर आधी घेतले. शेपटीला इवलासा पट्टा बांधला, हवा भरली. आकडा आभाळाला टेकलेला. दुसरा, तिसरा, सगळे तसेच.

मग औषधाचा पिंजरा. भिकुबाईंनी उंदीर नळीत सरकवला. पट्टा फुगला, हळूहळू सैल झाला. शेपटीतलं रक्त पुन्हा वाहू लागलं, तशी पडद्यावर रेघ उठली.

आकडा खाली होता.

तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजलं. दुसरा उंदीर घेतला, मग तिसरा. एकूणएक उतरलेले! रक्त कसं मोकळं वाहत होतं. घोडं गंगेत न्हालं एकदाचं! ती हसतही होती आणि रडतही होती.

तिने फोन लावला.

“आबा, औषध लागू पडनं! गोळी लेवू नका बरं का. चार चमचा अर्क आनि गोळी दोन्ही एकसाथ पोटमा गयात ते प्रेशर एकदम खाले उतरी जाई.”

“मी काय सांगी ऱ्हायनू मंग?” आबा हसले आणि तिकडे आईला म्हणाले, “फेक वं त्या गोळ्या!”

स्वप्नालीने फोन ठेवला आणि भिकुबाईंना मिठीच मारली.

“आते तुन्हं नाव व्हई,” भिकुबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “पन मन्ही बी मेहनत शे बरं त्यामा.”

“आहेच की मावशी! पण तुम्ही नेमकं काय केलं, ते तरी सांगा.”

“आवं, तुन्हं ध्यानच नई. मीच सांभाळं म्हनीसन बरं. औषध चालू व्हयनं त्या दिनपासून त्या पिंजराले मी मीठनं पाणी दिधंच नई, साधं दिधं. झाडपालानं औषध लेतस, तवय पथ्य नको का पाळाले?”