दाढेतलं पाणी

"मोठा आ करा, मावशी," विस्थापितांच्या कार्यालयातली अधिकारी मुलगी म्हणाली. रतन मयेकरांनी तोंड उघडलं. यंत्राची काडी त्यांच्या दाढेला टेकली.

समुद्राने किनाऱ्यावरची गावं घेतली आणि कागदपत्रंही नेली. तेव्हापासून कार्यालय दातांवर विश्वास ठेवत होतं. लहानपणी प्यायलेल्या विहिरीचे क्षार दातांत मुरलेले असतात. ज्या गावची विहीर, त्या गावच्या नव्या वसाहतीत खोली.

त्यांचे यजमान वासुदेव यांचा निकाल आधीच आला होता, आडबंदर.

"मावशी, तुमचं गाव कोंडसुरे."

"यंत्र चुकतंय तुमचं," वासुदेव म्हणाले. "जन्म गेला हिचा माझ्याबरोबर आडबंदरात."

"आणि लग्नाआधी?"

रतनबाईंच्या जिभेवर ते पाणी आलं, किंचित मचूळ, वर सुरंगीची फुलं पडलेलं. दर वर्षी त्या जायचं म्हणायच्या. कधी भाताची लावणी निघायची, कधी सासूबाईंचं दुखणं. मग समुद्रच आला.

"कोंडसुऱ्याच्या वसाहतीत कोण असतं गो?" त्यांनी विचारलं.

"जास्त करून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकी. सगळ्या परत आल्यात."

मुलीने अर्ज पुढे केला. "अपील केलंत तर दोघांना एकत्र खोली मिळेल."

वासुदेव खिशात पेन चाचपू लागले. रतनबाईंनी अर्जाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

"करू की सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी चार दिवस माहेरी राहून येते."